खेळाची पहिली आवृत्ती कुठे मिळेल?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव छापलंय ते असं: 'संगणकीय खेळांचे डिजिटल वितरण: फायदे आणि तोटे'. वाचून मला शाळेतला निबंध आठवला, 'विज्ञान: शाप की वरदान'. (हशा) संयोजकांनी फोनवर नाव मागितलं तेव्हा घाईघाईत मीच ते दिलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण फायद्यांची एक यादी आणि तोट्यांची एक यादी असं मी काही करणार नाही. मी एका गेमबद्दल बोलणार आहे. खरं तर त्या गेममधल्या एका गाण्याबद्दल. तिथून जिथवर जाता येईल तिथवर जाऊ.

गेली काही वर्षं मी शनिवार-रविवारी गेमचं एक छोटं रसास्वाद शिबिर घेतो. चित्रपट रसास्वादाची शिबिरं आपल्याकडे जुनी आहेत, त्याच धर्तीवर. दहा-बारा मुलं येतात. तिथे मी 'ग्रँड थेफ्ट ऑटो फोर' या गेमवर तासभर बोलतो. ही मालिका चोरलेल्या गाड्या आणि गोळीबार यांसाठी बदनाम आहे, आणि ती बदनामी अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण २००८ मध्ये आलेला हा चौथा भाग त्या मालिकेतला सगळ्यात उदास भाग आहे, आणि माझ्या मते म्हणूनच सगळ्यात चांगला.

त्याचा नायक निको बेलिक. युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरच्या युद्धात कोवळ्या वयात लढलेला, तिथून काहीतरी मनात घेऊन आलेला माणूस. तो बोटीनं लिबर्टी सिटीत उतरतो. लिबर्टी सिटी म्हणजे न्यूयॉर्कची नक्कल. त्याचा चुलतभाऊ रोमन तिथे आधीच आहे. रोमननं कळवलेलं असतं की माझा इथे बंगला आहे, गाड्या आहेत, ऐष आहे. निको पोचतो तर झुरळांनी भरलेली एक खोली आणि एक मोडकळीला आलेला टॅक्सीचा धंदा. आपल्याकडे गिरणगावातला चाकरमानी गावी गेल्यावर मुंबईबद्दल काय सांगायचा आणि प्रत्यक्षात त्या खोलीत किती जण पाळीपाळीनं झोपायचे, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना रोमन समजावून सांगावा लागत नाही.

आता गाणं. या गेममध्ये गाडीत बसलात की रेडिओ लागतो, वेगवेगळी स्टेशनं. त्यातलं एक व्लादिवोस्तोक एफएम. पूर्व युरोपातून आलेल्या लोकांचं स्टेशन, निवेदिका युक्रेनची गायिका रुस्लाना. त्या स्टेशनवर 'किनो' या सोव्हिएत बँडचं 'ग्रुप्पा क्रोवी' हे गाणं लागायचं. म्हणजे 'रक्तगट'. १९८८ चं गाणं आहे, लढाईला निघालेल्या माणसाचं. गाणारा व्हिक्टर त्सोई १९९० मध्ये अपघातात गेला, अगदी तरुण वयात.

मी शिबिरात सांगायचो ते हे. कुठलं गाणं कधी लागेल हे गेम ठरवून देत नाही. पण केव्हा तरी रात्री तुम्ही निकोला घेऊन पुलावरून जात असता, त्याच्या हातून नुकतंच काहीतरी वाईट घडलेलं असतं, आणि रेडिओवर हे लागतं. युद्ध सोडून पळालेल्या माणसाला परक्या शहरात, चोरीच्या गाडीत, युद्धावर निघालेल्याचं गाणं गाठतं. चित्रपटात दिग्दर्शक हे जुळवून आणतो. इथे लेखकानं योगायोगाला जागा करून ठेवली आहे आणि तो योगायोग फक्त तुमचा आहे, शेजारच्याचा वेगळा. गेम ही कला म्हणून काय वेगळं करू शकते, याचं इतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलं नव्हतं. २००९ मध्ये मी त्यावर एक लेखही लिहिला होता, आणि सांगायला हरकत नाही, मला तो आवडायचा. (हशा)

तर असंच एकदा बोलून झालं. मागच्या रांगेतली एक मुलगी, असेल एकोणीस-वीस वर्षांची, हात वर करून म्हणाली, "सर, मी हा गेम दोनदा पूर्ण खेळलेय. हे गाणं त्यात नाहीये."

मी म्हटलं, असेल, तुला लागलं नसेल. ती म्हणाली, "नाही सर, मी स्टेशनवरच्या गाण्यांची यादी पण बघितली. नाहीये."

चूक माझी होती. मी कित्येक वर्षं जुन्या टिपणांवरून बोलत होतो, गेम पुन्हा उघडला नव्हता. घरी जाऊन पाहिलं. एप्रिल २०१८ मध्ये या गेममधल्या अनेक गाण्यांचे दहा वर्षांचे हक्क संपले. कंपनीनं ती गाणी काढली. सगळ्यात मोठी कात्री लागली ती व्लादिवोस्तोक एफएमला, तिथली बरीचशी गाणी बदलून दुसरी रशियन गाणी घातली. 'ग्रुप्पा क्रोवी' गेलं. आणि ही कात्री नव्यानं गेम घेणाऱ्यांपुरती नव्हती. ज्यांनी २००८ मध्ये पैसे मोजून घेतला होता, त्यांच्या संगणकावरही अपडेट उतरलं आणि गाणं निघून गेलं.

हक्क संपले, कायद्यानं काढावं लागलं, हे मी समजू शकतो. नव्या गाण्यांत वाईट काही नाही. पण मला त्या मुलीचा प्रश्न टोचत राहिला, कारण तिचंही बरोबर होतं आणि माझंही. आम्ही दोघं एकाच नावाच्या दोन वेगळ्या कृतींबद्दल भांडत होतो, आणि त्यातली एक आता अधिकृतपणे कुठेच मिळत नव्हती.

ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे पाठभेद झाले होते म्हणूनच ना? इथे भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचं काम चाललं. हजाराहून जास्त हस्तलिखितं जमवली, श्लोकाशेजारी श्लोक लावून पाहिले, आणि जो पाठ मुख्य संहितेत घेतला नाही तो फेकून दिला नाही, खाली टिपेत ठेवला. मला त्या टिपांचं फार अप्रूप वाटतं. संपादक आपल्याला सांगतोय की मी हे निवडलं, पण बाकीचं हे घ्या, तुम्ही तपासा. हे शक्य झालं कारण जुन्या पोथ्या कुणाच्या तरी माळ्यावर शिल्लक होत्या. शारदा लिपीतल्या, मल्याळम लिपीतल्या, कसर लागलेल्या, पण होत्या. नवी प्रत लिहिली गेली म्हणून देशभरातल्या जुन्या प्रतींवरची अक्षरं एका रात्रीत बदलली, असं कधी झालं नाही.

गेमच्या बाबतीत नेमकं तेच होतं. आणि ते का होतं हे कळायला डिजिटल दुकान म्हणजे काय ते थोडं पाहावं लागेल. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाकीच्यांनी दोन मिनिटं चहाचा विचार करावा. (हशा)

पूर्वी गेम खोक्यात यायचा. खोक्यात सीडी, एक पुस्तिका, कधी नकाशा. आता तो इंटरनेटवरच्या दुकानातून थेट संगणकावर उतरतो. या दुकानांतलं सगळ्यात मोठं स्टीम, अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं. शिवाय एपिकचं आहे, पोलंडचं जीओजी आहे, अगदी छोट्या निर्मात्यांचं इच डॉट आयओ आहे. स्टीम सुरू झालं सप्टेंबर २००३ मध्ये, आणि गंमत म्हणजे ते दुकान म्हणून जन्मलंच नाही. व्हॉल्व्हचे 'काउंटर-स्ट्राइक'सारखे ऑनलाइन गेम होते. त्यात दुरुस्ती केली की ती सगळ्या खेळाडूंपर्यंत पोचेपर्यंत काही दिवस जायचे, तोवर निम्मे लोक नव्या प्रतीवर, निम्मे जुन्या, एकमेकांशी खेळता येईना. म्हणून सगळ्यांच्या प्रती एकाच वेळी बदलणारं यंत्र म्हणून स्टीम आलं. विक्री नंतर आली. २००४ च्या नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ टू' आला तेव्हा खोकं विकत घेतलं तरी स्टीमवर नोंदणी केल्याशिवाय गेम सुरू होईना. दुसऱ्या कंपन्यांचे गेम २००५ पासून तिथे विकायला लागले.

म्हणजे पाहा, सगळ्यांकडे कायम एकच, ताजी प्रत असली पाहिजे हा त्या यंत्राचा मूळ स्वभाव आहे. स्पर्धेच्या खेळाला ते हवंच, क्रिकेटचे नियम दोन संघांना वेगळे असून कसं चालेल? पण तोच स्वभाव निको बेलिकच्या गोष्टीलाही लावला गेला. स्टीमवर अपडेट लांबवता येतं, पण एकट्यानं खेळायचा गेमसुद्धा सुरू करायचा म्हटलं की आधी अपडेट घ्या. नको म्हणायची सोय नाही.

आता इथे कुणी म्हणेल, मग पूर्वीचंच बरं होतं. मी तसं म्हणणार नाही, कारण पूर्वीचं मी पाहिलंय. आमच्या कॉलेजच्या वेळी गेम म्हणजे शंभर रुपयांची कॉपी केलेली सीडी. झेरॉक्स केलेलं कव्हर, वर मार्करनं लिहिलेलं नाव, स्पेलिंग चुकलेलं. एका गेमचा शेवटचा भाग सीडीवर मावला नाही म्हणून विकणाऱ्यानं मधले सगळे व्हिडिओ कापून टाकले होते, तो गेम मी पूर्ण खेळलो आणि मला वाटलं, किती संयत कथनशैली! (हशा) मूळ खोकं दुकानात दिसायचं, पण त्याची किंमत बापाच्या पगाराशी तोलायची होती. लेखकाला पैसे द्यावेत हा विचार आम्ही पुस्तकांबद्दल करायचो, गेमबद्दल नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी आयुष्यातला पहिला कायदेशीर गेम घेतला तो स्टीमच्या सेलमध्ये. २०१५ च्या अखेरीस तिथे रुपयांत किमती आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये परताव्याची सोय झाली: घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. (याचा फटका दीड तासात संपणारे छोटे, नेटके गेम करणाऱ्यांना बसतो. गेम पूर्ण खेळायचा, आवडला म्हणून सांगायचं आणि पैसे परत घ्यायचे. २०२१ मध्ये एका स्वतंत्र निर्मात्यानं याच कारणानं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. तो वेगळा विषय आहे, सोडतो.)

पण फायद्याचं मोठं उदाहरण मला पुण्यातूनच द्यायचंय. 'राजी: अॅन एन्शंट एपिक'. नॉडिंग हेड्स गेम्स हा इथला छोटा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरी गेम २०२० मध्ये आला, आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. राजी आणि गोलू ही डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी बहीण-भावंडं, राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर गोलूला पळवतात आणि राजी त्याला शोधायला निघते. वाड्यांच्या भिंती, जाळ्या, मंडलाची कोडी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या देवकथा. ती बाहुल्यांची शैली जास्त बालीकडची वाटते. आपल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या निर्मात्यांनी पाहिल्या असत्या तर, असं मला वाटून गेलं. ते असो. मुद्दा असा की खोक्यांच्या काळात हा गेम झालाच नसता. झाला असता तरी अमेरिकेतल्या दुकानाच्या फळीवर त्याला कोण जागा देणार? छपाई, खोकी, जहाज, वितरक, परत आलेला माल, हे सगळं एका छोट्या स्टुडिओला झेपणारं नव्हतं. डिजिटल दुकानात फळी संपत नाही.

अर्थात फळी संपत नाही याचाही ताप आहेच. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले. पूर्वी वर्षाला काही शे यायचे. अठरा हजारांतला तुमचा गेम कुणाला दिसावा हे दुकानाचं गणित ठरवतं, आणि गेम कसा आहे हे अंगठा वर, अंगठा खाली यावर ठरतं. माझ्या धंद्याची जागाही दुकानानंच घेतली, म्हणजे समीक्षकाची. त्याबद्दल मी रडणार नाही, चांगला खेळाडू तीन ओळींत जे लिहून जातो ते मला तीन पानांत जमत नाही.

'राजी'कडे परत येतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यापाशी अडकतो. पहिल्यांदा गेम आला तेव्हा सगळे इंग्रजीत बोलत होते. दुर्गा आणि विष्णू राजीकडे वरून पाहतायत आणि आपसात इंग्रजीत गप्पा मारतायत. मला ते खेळताना फार खटकलं. भिंतीवरचं चित्र एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत. मग २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिंदी आवाज आले. मी पुन्हा खेळलो. राजी दमल्यावर जो सुस्कारा टाकते तोसुद्धा आता तिचा वाटला. ज्या यंत्रानं निकोच्या गाडीतलं गाणं काढून नेलं, तशाच यंत्रानं राजीला तिच्या जवळची भाषा आणून दिली. मग अपडेट या गोष्टीला मी शत्रू कसं म्हणू?

तेव्हा मला वाटायला लागलं की आपण चुकीच्या जागी बोट ठेवतोय. लेखकानं दुसरी आवृत्ती काढू नये असं कोण म्हणेल? बालकवी असोत नाहीतर मर्ढेकर, कवितेत फेरफार सगळेच करतात. प्रश्न आहे पहिल्या आवृत्तीचं काय होतं हा. 'राजी'चा २०२० चा, इंग्रजी बोलणारा, कच्च्या लढायांचा गेम हाही एक दस्तऐवज आहे. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओनं जगाच्या बाजारात पहिलं पाऊल टाकताना देवांना इंग्रजीत बोलायला लावलं, ही गोष्ट उद्याच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटेल. त्याला ती कुठे मिळणार?

अप्पा बळवंत चौकात जाऊन या. जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुम्हाला पहिली आवृत्ती मिळते. आत कुणाचं तरी नाव असतं, 'चि. अमक्यास, वाढदिवसानिमित्त', पेन्सिलनं खुणा, कधी बसचं तिकीट. प्रकाशकानं नंतर दहा वेळा पुस्तक सुधारलं असेल, लाज वाटून एखादं प्रकरण गाळलं असेल, पण तो ढीग त्याच्या ताब्यात नाही. एकदा विकलेल्या प्रतीवर विकणाऱ्याची सत्ता संपते. हा नियम इतका अंगवळणी पडलाय की तो नियम आहे हेच आपण विसरलो. आपल्या साहित्याची निम्मी स्मृती वाचनालयांनी आणि रद्दीवाल्यांनी सांभाळली आहे, त्या नियमाच्या जोरावर.

डिजिटल दुकानात तो नियमच नाही. तिथे तुम्ही 'विकत घ्या' हे बटण दाबता, पण मिळतो तो परवाना. खातं दुसऱ्याला देता येत नाही, वाचून झालेलं पुस्तक मित्राला द्यावं तसा एखादा गेम देता येत नाही. फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेनं यावर दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं म्हटलं, खेळाडूला आपला गेम पुन्हा विकता आला पाहिजे. २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला की तुम्ही परवानाच देत असाल तर 'खरेदी' हा शब्द वापरताना तसं स्पष्ट सांगा. स्टीमनं त्याच वर्षी पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. निदान शब्द तरी खरा झाला.

परवाना म्हणजे काय ते 'द क्रू'च्या खेळाडूंना कळलं. युबिसॉफ्टचा २०१४ चा गाड्यांचा गेम. सगळी अमेरिका लहान करून त्यात बसवलेली, एका किनाऱ्यावरून निघावं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पोचावं. एकट्यानं खेळायचा भागही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, पुढे लोकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेतले. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या गेमला मी काही थोर कलाकृती म्हणणार नाही. पण सामान्य कादंबऱ्यासुद्धा वाचनालयात असतात, आणि एखाद्या काळाचा वास थोर कादंबऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त येतो.

थोर गोष्टही गेली आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशनच्या दुकानात 'पी.टी.' नावाचा एक फुकट गेम आला. एका घराचा काटकोनी बोळ. तुम्ही टोकाच्या दारातून बाहेर पडता आणि पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला येता. दर फेरीला काहीतरी किंचित बदललेलं: रेडिओ, दिवा, एक दार अर्धवट उघडं. हिदेओ कोजिमा आणि गिलेर्मो देल तोरो यांच्या पुढच्या मोठ्या भयपट-गेमची ती झलक होती. तो मोठा गेम रद्द झाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये ही झलकही दुकानातून काढली. आधी उतरवून घेतलेल्यांनाही ती पुन्हा उतरवता येईना. मग ज्यांच्या यंत्रात ती राहिली होती त्यांनी ती यंत्रंच चढ्या भावानं विकायला काढली. भयकथेतल्यासारखं एकेक यंत्र म्हणजे एकेक पोथी झाली. आज जवळजवळ प्रत्येक भयगेममध्ये तो बोळ दिसतो, आणि मूळ बोळ मुलांना दाखवायचा तर मला व्हिडिओ लावावा लागतो. गेमचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे जेवणाऐवजी मेन्यू कार्ड वाचून दाखवणं.

यावर एक उत्तर आहे आणि ते पोलंडहून येतं. पोलंडची गोष्ट आपल्यासारखीच. नव्वदच्या दशकात वॉर्साच्या बाजारात चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट होता. तिथे सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं १९९९ मध्ये 'बॉल्डर्स गेट' आणला तो पोलिश भाषेत, नामवंत नटांचे आवाज घेऊन, भरगच्च खोक्यात, म्हणजे लोकांना मूळ प्रत घ्यावीशी वाटेल असा. याच लोकांनी २००८ मध्ये जीओजी सुरू केलं, जुने चांगले गेम नव्या संगणकांवर चालतील असे करून, कुठलंही कुलूप न लावता विकणारं दुकान. तिथून गेमची पूर्ण फाइल उतरवून तुम्ही आपल्या कपाटात ठेवू शकता. कायद्यानं तोही परवानाच आहे, पण उद्या दुकान बंद पडलं तरी कपाट उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. मी आता घेता येईल तो गेम तिथून घेतो. पण तिथे सगळं मिळत नाही. आणि आळस ही मोठी गोष्ट आहे, मित्र स्टीमवर असतात म्हणून मीही बहुतेक वेळ तिथेच असतो.

मला ज्याची जास्त चीड येते ते वेगळंच आहे. स्टीमला जुन्या प्रती ठेवता येतात! ती सोय आजही आहे. निर्मात्यानं ठरवलं तर गेमच्या जुन्या आवृत्त्या एका कोपऱ्यातल्या 'बेटा' नावाच्या खिडकीतून निवडता येतात. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस फोर'सारख्या गेममध्ये खेळाडू आपली अर्धी राहिलेली मोहीम पुरी करायला सहज जुन्या आवृत्तीवर जातात. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसानं बनवला, एरिक बॅरोननं. त्यातही जुनी आवृत्ती निवडता येते. एका माणसाला हे जमतं, एका खिडकीएवढी जागा पुरते. मग ही गोष्ट निर्मात्याच्या मर्जीवर का सोडायची? आणि खिडकीचं नाव 'बेटा' का? बेटा म्हणजे कच्ची, चाचणीची प्रत. पहिल्या आवृत्तीला चाचणीच्या कपाटात ठेवणं हीच त्या दुकानाची दृष्टी सांगते.

गाण्याचे हक्क संपले तर ज्यांनी ते हक्क चालू असताना पैसे मोजले त्यांची प्रत हात न लावता ठेवावी. नव्या गिऱ्हाइकाला नवी द्यावी. खोक्यातल्या सीडीच्या बाबतीत आणि ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत असंच होतं, कुणी घरात येऊन रेकॉर्डवरचा एक ट्रॅक खरवडून नेत नाही. मी कायद्याचा माणूस नाही, यात गुंते असतील. पण मागणी तरी नेमकी करू या. 'जुनं ते सोनं, सीडी परत आणा' ही मागणी कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आणि त्या गेमचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण ते मासलेवाईक आहे. २०२० च्या जानेवारीत तो स्टीमवर विकायचाच बंद झाला. कारण काय, तर २००८ मध्ये त्यात मायक्रोसॉफ्टची एक सेवा जोडली होती, ती सेवा मोडीत निघाली, नव्या किल्ल्या मिळेनात. मार्चमध्ये परत आला तो अनेकांनी मिळून खेळायचा भाग वगळून. मग चाहत्यांनीच खटपट करून गेम मागच्या आवृत्तीवर नेणारी साधनं बनवली, काढलेली गाणी परत बसवणारी. ते कायद्यात बसतं का, मला विचारू नका. एकनाथांना मात्र ते काम ओळखीचं वाटलं असतं.

ती मुलगी पुढच्या शनिवारी परत आली. तिनं त्सोईचं गाणं इंटरनेटवर शोधून ऐकलं होतं, गेममध्ये गाडी पुलावर नेऊन उभी केली होती, गेमचा रेडिओ बंद केला होता आणि फोनवर गाणं लावलं होतं. म्हणाली, "चांगलं आहे सर, पण मी लावलं ना ते. लागलं नाही."

माझा २००९ चा लेख मी बदललेला नाही. त्याच्यावर आता एक ओळ घातली आहे, गेमच्या कुठल्या आवृत्तीबद्दल तो आहे आणि मी ती कुठल्या महिन्यात खेळलो. 'राजी'वर दोन वेगळी टिपणं ठेवली आहेत, २०२० चं आणि २०२२ चं. तुमच्यापैकी कुणाकडे 'राजी'ची पहिली प्रत अपडेट न होता राहिली असेल, एखाद्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर, इंटरनेट न लावलेल्या स्विचवर, तर कृपा करून ती चालू करण्याआधी वायफाय बंद करा आणि मला कळवा.

आता प्रश्न घेऊ या. मागे तुम्ही, हो, निळा शर्ट.